एका धडधाकट दाढेपायी

— हलू नकोस म्हटलं ना, टाचणी टोचेल. आणि हात सैल सोड, कुणी मारायला उठल्यासारखी काय अंग चोरून उभी आहेस? हं, असं. केवढा कोट दिलाय गं तुला, यात तू आणि तुझी मैत्रीण दोघी मावाल! कॉलेजवाल्यांना सांगून उपयोग नाही, ते सगळ्यांना एकाच मापाचे मागवतात, मग तुम्ही पोरी बाह्या लोंबकळवत माझ्याकडे येता. तर दातांची डॉक्टर होणार तू. बाहेरच्या देशातून आलीस, इथं शिकणार, पास झालीस की इथल्याच एखाद्या चकचकीत दवाखान्यात लागणार, मग इथं राहायचे कायमचे कागद होणार, मग आईवडिलांना विमानात बसवून आणणार — बरोबर ना? हसू नकोस, खांदा हलतो. मला कसं कळलं? अगं, तोंडपाठ आहे मला. माझ्या भाचीनं अगदी हेच सांगितलं होतं, हाच क्रम, फक्त तिच्या आईवडिलांना खिडकीची जागा मिळणार होती एवढाच काय तो फरक.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. घरात तिला सगळे मास्तरीण म्हणतात, कारण चार वर्षांची असताना ही दारात उभी राहून आल्या-गेल्या पाहुण्यांना सांगायची — आधी चपला नीट लावा, मग आत या. इथं शिकायला आली तेव्हा माझ्याकडेच राहिली, या दुकानाच्या वरच्या खोलीत. सगळी वर्षं. रात्रंदिवस जबडे. प्लास्टरचे जबडे बनवायची आणि खिडकीत वाळत ठेवायची — रस्त्यावरून येणारं गिऱ्हाईक पाटी वाचायला वर बघायचं तर सहा जबडे त्याच्याकडे बघून हसतायत! मी ओरडायचे तिला. म्हणायचे, अगं, माझं शिवणाचं दुकान आहे की स्मशान? तर म्हणायची, मावशी, ही वरची दाढ बघ, काय सुंदर उतरलीय. दाढ आणि सुंदर! ...काय म्हणालीस? खोली? नाही नाही, ती भाड्याची नाही. रिकामी नाहीये — म्हणजे राहत कुणी नाही, पण सामान आहे तिचं. नको, मला नको भाडेकरू. कोपर वाकव जरा.

शिक्षण होईपर्यंत सगळं गोड असतं बघ. फी भरताय ना, मग कॉलेजची माणसं काय आर्जवानं बोलतात! पदवीचा दिवस उजाडला की तीच माणसं ओळख दाखवत नाहीत. सरकार म्हणतं, बरं, शिकलात ना, आता वर्षभर काम करून बघा. वर्ष संपायच्या आत कुठल्या तरी दवाखान्याच्या मालकानं पुढं येऊन सांगायचं, ही डॉक्टर मला हवी, हिला राहू द्या. नाहीतर बॅग भरा. आणि मालक काय म्हणतात माहितीये? हिचे गुण बघितले, हिचा हात बघितला, वा वा म्हणाले, आणि हिनं व्हिसाचं नाव काढलं की दातखीळ. एकाएकाची! आमची मास्तरीण, पहिल्या पाचात आलेली, शहरभर दवाखाने पालथे घालत हिंडली, दाताच्या कण्या केल्या बिचारीनं — आणि तेही दातांच्या डॉक्टरांपुढं. तिच्यापेक्षा निम्मे गुण असलेला एक इथलाच मुलगा दुसऱ्या दिवसापासून कामाला लागला. त्याचं इंजेक्शन म्हणे गालातून बाहेर यायचं. पण त्याच्यासाठी कुणाला कागद रंगवावे लागत नाहीत ना!

मग एक भेटला. मोठ्या चौकातला दवाखाना, काचेचा, आत माशांची टाकी, कॉफीचं यंत्र, बसायला असे खोल सोफे की म्हातारं माणूस उठू नये. मालकाचे दात इतके पांढरे, की तो हसला की मला डोळे मिटावेसे वाटायचे. मी त्याचं नाव चमक्या ठेवलं होतं. तर या चमक्यानं तिला ठेवलं. म्हणाला, तुझ्या व्हिसाचं मी बघतो, तू फक्त काम कर. झालं, घरी पेढे — बरं, पेढे कुठले, साखर खाल्ली आम्ही चमचाभर उभ्या उभ्या. आणि मग सुरू झालं गाजर दाखवणं. वकिलाशी बोललोय. वकील सुट्टीवर आहे. वकील आला, आता मी सुट्टीवर आहे. जरा हा महिना जाऊ दे. मी रोज संध्याकाळी विचारायचे, आणि ती रोज बूट काढता काढता म्हणायची, होईल गं मावशी. तिच्या आवाजावरून मला कळायचं. मुलं जेव्हा 'होईल' म्हणतात ना, तेव्हा ते होत नसतं.

आता ऐक, इथंच तर सगळी माती झाली. थांब, हा कफ आत दुमडू का कापू? दुमडते, पुढं तू जाडी झालीस तर. — तर एक दिवस तिच्या खुर्चीत एक बसचालक आला. शहरातली बस चालवतो, हा असा आडवा माणूस, पण सुई म्हटली की लहान मूल. मागची दाढ दुखतेय म्हणाला. चमक्यानं आधीच बघून लिहून ठेवलेलं — दाढ कोरायची, मुळं साफ करायची, वर टोपी बसवायची. हिनं एक्स-रेचा फोटो बघितला, दाढ बघितली, ठोकून बघितली. दाढ धडधाकट! दुखत होती हिरडी. ही गेली चमक्याकडे, म्हणाली, सर, दाढेला काही झालेलं नाहीये. तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही. गोड आवाजात म्हणाला, हे बघ, तुझ्यासाठी मी सरकारदरबारी भांडायचं, तर तुझ्या खुर्चीनं दवाखान्याचा भार थोडा उचलायला नको का? कळलं तुला काय म्हणाला तो? तिलाही कळलं. मूर्ख नाहीये ती. म्हणजे आहे, पण तशी नाही.

परत आली. तो बसवाला गळ्यात तो कागदी रुमाल अडकवून, डोळे गच्च मिटून, खुर्चीचे दोन्ही हात धरून बसलेला. ट्रेमध्ये सुई तयार. आणि व्हिसाचे उरलेत किती, तर बोटावर मोजण्याइतके आठवडे. एवढंसं काम गं! भूल द्यायची, घर्रर्र करायचं, त्याला जन्मात कळलं नसतं. ही काय करते — त्याच्या गळ्यातला रुमाल सोडते आणि म्हणते, उठा. तुमच्या दाढेला काहीही झालेलं नाही. हिरडी सुजलीय, मिठाच्या पाण्यानं चुळा भरा, मऊ ब्रश घ्या आणि घरी जा. तरी गुपचूप गेला असता तर निभावलं असतं. पण तो वेडा इतका खूश झाला, इतका खूश झाला, की बाहेरच्या खोलीत जाऊन सगळ्यांना मोठ्यानं सांगत सुटला — काय प्रामाणिक डॉक्टर आहे हो, मला कोरणार होते, हिनं वाचवलं! सोफ्यांवर बसलेली सगळी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. एक बाई म्हणे उठून निघूनच गेल्या. संध्याकाळी चमक्यानं हिला बोलावलं आणि सांगितलं, वकील म्हणतोय तुझं प्रकरण गुंतागुंतीचं आहे, उद्यापासून येऊ नकोस.

मी चिडणार नाही तर काय करणार? मी म्हटलं, अगं, कोरली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं? त्याच्या तोंडात आणखी एकतीस दात होते! तर ती म्हणाली, मावशी, एकदा कोरलेला दात परत येत नाही. म्हटलं, मग व्हिसा परत येतो का? — ती उठली. मोरीत कोट घेऊन बसली आणि घासत राहिली. स्वच्छ होता कोट. नंतर बराच वेळ नळाचाच आवाज येत होता... असू दे. दुसरी बाही दे. आणि तो बसवाला, तो येतो अजून. स्टॉप तिकडं वळणावर आहे, पण हा बस माझ्या दारात उभी करतो, आत डोकावतो, डॉक्टरीणबाई कशा आहेत विचारतो, मागं लोक शिव्या घालतायत. त्याच्या पँटी मीच करून देते. पैसे? नाही, पैसे काय घ्यायचे, दोन टाक्यांचं काम. नाही गं, त्यासाठी म्हणून नाही! दोन टाके म्हणजे कुणीही फुकट देतं. तुला? तुला पूर्ण पैसे पडतील.

मग मी स्वतः हात घातला त्यात. एक स्थळ काढलं. टायरचा धंदा, इथला पक्का नागरिक, पहिली बायको सोडून गेलेली, पण त्यात त्याची चूक नसावी असं त्याचं म्हणणं. चहाला बोलावलं वर. गप्पा मारता मारता तो म्हणाला, दाढ ठणकतेय. झालं! मास्तरीणबाईंनी त्याला खिडकीपाशी उजेडात नेलं, तोंड उघडायला लावलं, टॉर्च मारला, आणि सांगितलं की ही दाढ काढावी लागेल, उशीर करू नका. तो इतका भारावला, की त्याला वाटलं लग्न ठरलंच. जाताना मला वाकून नमस्कार करून गेला! आणि ही? ही म्हणाली, नाही. मी म्हटलं, नाही काय नाही, लग्न केलंस की आपोआप राहायला मिळेल, दवाखाना काढ, कुणाच्या बापाची भीती नाही. तर म्हणाली, मावशी, मिळेल सगळं, पण रोज रात्री त्या माणसाला मनातल्या मनात थँक्यू म्हणत झोपायचं? — मी तरी वेगळं काय केलं होतं, मीही याच कागदांपायी... जाऊ दे. मान सरळ ठेव. कॉलर वर चढतेय.

शेवटी काय, तर समुद्राच्या पार टोकाला एक गाव. मासे डब्यात भरायचा कारखाना, बोटींचा धक्का, आणि वारा. बाकी काही नाही, नुसता वारा. तिथं दातांचा डॉक्टर टिकतच नाही, म्हणून सरकार म्हणतं, बाहेरचा आला तरी चालेल, पण कबूल केलेली वर्षं तिथंच काढायची, मध्ये सोडलं तर कागदही सोडायचे. तिथल्या आरोग्य केंद्राच्या बाईंनी फोनवर तिला एवढंच विचारलं, एकटीला राहता येतं का? ही म्हणाली, येतं. खोटं! भुताचा आवाज झाला म्हणून अर्ध्या रात्री खाली माझ्या अंथरुणात यायची ती, पदवी झाल्यावरसुद्धा. मी सांगितलं, जाऊ नकोस. सरळ सांगितलं, पहिल्या पाचात येऊन तू काय कोळ्यांच्या दाढा उपटणार? त्यापेक्षा परत जा आईकडे, निदान ऊन तरी मिळेल. ऐकलं नाही. सोडायला? नाही गेले मी. दुकान होतं ना. — रविवार होता, हो. रविवारी नसतं का दुकान कधी? असतं.

आणि आता? आता काय, मजेत आहे म्हणते. गेल्या महिन्यात फोन आला, मावशी, झालं. राहायची परवानगी मिळाली. कायमची म्हणजे, वर्षं पूर्ण केली की कायमची. मी काय म्हणाले? मी म्हणाले, जेवलीस का. दुसरं काय म्हणणार? नाहीतरी मिळालं काय तिला, तर त्या वाऱ्यात राहायची परवानगी! दवाखाना म्हणजे शाळेच्या मागची एक खोली. तिथली माणसं म्हणे पूर्वी पक्कड घेऊन आपापले दात काढायची. आता तिला रस्त्यात अडवतात आणि तोंड उघडून दाखवतात, बघा डॉक्टर, अजून शाबूत आहे. लहान पोरं तिला बघितलं की तोंडावर हात ठेवून पळतात. सांगताना हसत होती. तिकडं गेल्यापासून पहिल्यांदा हसताना ऐकलं मी तिला, तर ते पक्कडवाल्यांबद्दल! वर मलाच म्हणते, इथं शिवणारं कुणी नाही, मशीन घेऊन ये. मी काय खुळी आहे? माझं चालतं दुकान आहे, माझी गिऱ्हाइकं आहेत, या वयात मी...

झालं. वळ इकडं. बरा बसला खांदा. तू विचार कर बाई, अजून कोट कापलेला नाहीये, परत करता येईल. — काय? तिनं बरोबर केलं का? मला काय माहीत! मला विचारू नकोस. आणि माझ्या तोंडाकडे काय बघतेस असं? गाल? हो, सुजलाय, दिसतंय मला, आरसा माझाच आहे. दाढ असेल. तू बघतेस? तू अजून कॉलेजच्या पायऱ्या चढली नाहीस, मोठी आली बघणारी! नाही, कोपऱ्यावरच्याकडे नाही जाणार. कुणाकडेच नाही. आजवर माझ्या तोंडात एकीचाच हात गेलाय, आणि तिनं काढायची म्हटलं असतं तर... किती दिवस दुखतंय ते तुला काय करायचंय? नाही, तिला सांगितलेलं नाही. फोनवर काय सांगायचं, उगाच तिकडं काळजी.

...

काढ कोट. हळू, टाचण्या आहेत. शुक्रवारी संध्याकाळी ये न्यायला. शनिवारी नको, शनिवारी दुकान बंद आहे. का म्हणजे? तिकडं पोचायला दिवस जातो... बंद आहे म्हणजे बंद आहे. — रविवारी पण. नंतरचं मला माहीत नाही. शुक्रवारी ये म्हटलं ना? जा आता.