जान्हवीच्या गालावरचे वांग

(दिंडोशीच्या वसाहतीतलं एक स्वयंपाकघर. सासू शेवंती, सून जान्हवी.)

शेवंती : ...ठेव ती बादली खाली! ठेव म्हणते ना! अशा दिवसांत वजन उचलतात काय गो?

जान्हवी : कसल्या दिवसांत, आई?

शेवंती : आता माझ्यापासून लपवतेस? आरशात बघ. दोन्ही गालांवर वांग आलेत. सिद्धेशच्या वेळी माका पण अस्सेच आलेले. आणि तुझे तर दोन्हीकडे सारखे. म्हणजे जुळे!

जान्हवी : जुळे?

शेवंती : घाबरू नको. म्हणून तर महिनाभर दोन-दोन ग्लास दूध पाजतेय तुला.

जान्हवी : त्या दुधानं माझं पोट सुटलंय, आई!

शेवंती : बघ! पोट पण दिसायला लागलं!

जान्हवी : आई, बसा जरा. हे वांग गोळ्यांनी आलेत.

शेवंती : कसल्या गोळ्या? रक्ताच्या?

जान्हवी : मूल होऊ नये म्हणून घेतात, त्या. त्यातल्या हार्मोन्सनी काही जणींना असे डाग येतात. परवा डॉक्टरांनीच सांगितलं.

शेवंती : म्हणजे पोर होऊ नये म्हणून गोळी घ्यायची, आणि तोंड पोटुशीसारखं करून फिरायचं?

जान्हवी : हो... तसंच काहीसं.

शेवंती : खोटारडी मेली ती गोळी! वाट लावली ना माझी! गावी काशीराम गुरवानं देवाला गाऱ्हाणं घातलं. अख्खी वाडी 'व्हय महाराजा' म्हणाली. कोंबडा कबूल केलाय!

जान्हवी : अहो, मला एकदा विचारायचं तरी!

शेवंती : विचारायचं काय? मला डोळे नाय? खालच्या कुंदानं सहा झबली शिवली. जुळी म्हटल्यावर बारा करायला घेतलीन. सिद्धेशला ठाऊक आहे हे?

जान्हवी : तोच आणतो गोळ्या. दर महिन्याला, न चुकता.

शेवंती : तो? कोथिंबीर सांगितली तर मेथी घेऊन येतो तो!

जान्हवी : रागावलात? माझी कोर्टातली नोकरी अजून पक्की नाही, आई. दोन वर्षं तरी मूल नको, असं ठरवलंय आम्ही. तुम्हाला सांगायची भीती वाटली.

शेवंती : भीती कसली? खाल्लं असतं मी तुला?

जान्हवी : तुम्हाला वाईट वाटलं असतं.

शेवंती : वाटलंच आहे. महिनाभर मनातल्या मनात दोघांना न्हाऊमाखू घालतेय मी.

जान्हवी : सॉरी, आई.

शेवंती : ते राहू दे. डाग जातात की राहतात?

जान्हवी : हळूहळू फिके होतील, डॉक्टर म्हणाल्या. उद्या गोळी बदलायचं विचारायला जायचंय. सिद्धेशला सुट्टी नाही. एकटीच जाईन.

शेवंती : किती वाजता?

जान्हवी : सहाला.

शेवंती : रागातच येईन मी. रिक्षात एक शब्द बोलणार नाय. पण येईन.