लेकाशेजारची जागा

मव्हं माहेर कंधारकडचं. बाप लग्नात सनई वाजवायचा, पण पंगत बसली की त्याचं ताट गोठ्याजवळ, म्हणून तो ख्रिस्ती झाला, का तर म्हणे इथं समदे एका मेजावर बसतेत. त्येच ऐकत मी वाढले. लगीन होऊन अहमदपूरला आले, मुलींच्या वसतिगृहात आया म्हणून राबले, मालक लवकर गेले, मागं एकच लेक, सॅम्युअल, टेम्पो चालवायचा. काय सांगू ताई तुम्हाला, लई हसरं लेकरू.

त्यानं लगीन केलं लिंगायताच्या पोरीसंगं. मनीषा तिचं नाव. बापाचं किराणा दुकान, त्यानं पोरीचं नाव टाकलं, अन् आमच्या चर्चच्या मंडळीनंबी तोंड फिरवलं. मी म्हणलं, देवानं धाडली ती मव्हीच. तिच्या गळ्यात तिच्या आईनं बांधलेलं इष्टलिंग हाय, सकाळी न्हाऊन ती त्ये हातावर घेऊन बसती, मी बाजूला प्रार्थना करते, एकाच खोलीत, कुणाचा कुणाला तरास न्हाई.

मग नांदेडच्या रस्त्यावर टेम्पो उलटला अन् सॅम्युअल गेला. गेला बगा. आमच्या कब्रस्तानात कुंपणाच्या कडंला त्याला मूठमाती दिली, शेजारची जागा मव्ही, मंडळीच्या पंचांनी तवाच कबूल केलेलं. मनीषाचा बाप दारात येऊन म्हणला, चल घरी. ही म्हणली, आत्या एकट्या पडतील. न्हाईच गेली. आमच्या शास्त्रात, बायबलात, आशीच एका परक्या सुनेची गोष्ट हाय, सासूला सोडत न्हाई ती, चर्चमधी पाळकसाहेब लई रंगवून सांगतेत, बायका डोळे पुसतेत, अन् मागच्या बाकावर मनीषा बसलेली, तिच्याशी एक कुणी बोलंल तर शपथ.

औंदा मव्ह्या काळजाचं दुखणं निघालं. लातूरला मनीषानंच नेलं, धुणं-पुसणं तिनंच केलं, रातदिस तिनंच केलं. तर मंडळीचे थोरले पंच घरी आले, म्हणले, बाई, घरात त्ये लिंग असंल तर तुम्हाला आमच्या कब्रस्तानात घेता येणार न्हाई, एक तर तिनं त्ये उतरवावं, न्हाई तर घर सोडावं. मव्ह्या तर अंगाची आग झाली! अहो, ह्यांच्याच नातवाचा ताप उतरंना तवा ह्यांच्या बायकोनं दार लावून मव्ह्याकडून मीठ-मिरच्या उतरवून घेतल्या, अन् हे साहेब खुर्चीवर बसून बगून राहिले होते. मी तोंडावर इचारलं, साहेब, तवा शास्त्र कुठं ठेवलं होतं? लाल झाले. म्हणले, विषय तो न्हाई. हाव, तो कसा असंल!

पंच गेले तसा मनीषानं गळ्यातल्या दोऱ्याला हात घातला. म्हणली, आत्या, मी उतरवते, तुम्ही तुमच्या लेकाजवळ जावा. माय गं! मी तिचा हात गच्च धरला, म्हणलं, खबरदार, तुझ्या आईनं बांधलंय त्ये, जागा गेली तर गेली. लई रडलो दोघी.

ही खबर तिच्या बापाला लागली. एरवी दारातूनच बोलणारा माणूस, त्या दिवशी आत आला, बसला, पाणी मागून प्याला. म्हणला, विहीणबाई, आमच्यातबी जाळत न्हाईत, पुरतेतच, बसवून पुरतेत. मव्ह्या शेताच्या बांधाला तुमची जागा हाय.

आता चर्चला जाणं होत न्हाई, दम लागतो. घरीच प्रार्थना करते, पंचाचंबी नाव घेते, न्हाई घेतलं तर त्यांच्यात अन् मव्ह्यात फरक काय राहिला. बसवून पुरलं तर पुरू द्या, देवानं हाक मारल्यावर बसल्या बाईला उठायला सोपं. मनीषाचं भलं होऊ द्या, दुसरं काय मागणं न्हाई. पण ताई, तिकडं कुंपणाच्या कडंला मव्ह्या लेकराशेजारी आता कुणी परकंच येऊन निजणार, त्येवढं मातर सहन होत न्हाई बगा.