दादाची लेबलं

मी एकदा छापखान्याचा मालक होतो, हे तुमाला सांगितलंय का कधी?

आमचा दादा पुण्याला चित्रकला शिकत होता. विडीच्या बंडलांवरची लेबलं काढायचं काम भोरच्या छापखान्यात मिळावं, म्हणून सुट्टीत घरी तयारी करायचा. तेव्हा मालक व्हायचो मी. पालथ्या घमेल्यावर बसून प्रत्येक नमुन्याला म्हणायचो, "न्हाई जमायचं!"

"अरं शेठ, आधी बघ तरी!" असं ओरडून दादा पुन्हा नवा कागद घ्यायचा.

खऱ्या मालकांनी त्याला नमुने घेऊन यायला सांगितलं, आणि त्याच आठवड्यात दादा तापानं गेला.

ठरल्या दिवशी मी कुणाला न सांगता ती नमुन्यांची गुंडाळी उचलली आणि आमच्या भाटघरहून तडक भोर गाठलं. दादा गेल्याचं मालकांना ठाऊक नव्हतं. ते एकेक कागद उलटून बघत होते. माझ्या मुठी वळल्या होत्या. एका जरी लेबलाला नाव ठेवलं असतं, तर मी त्यांच्या अंगावर गेलो असतो.

शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"हात तयार आहे भावाचा. सोमवारपासून पाठव कामावर."

मी कागद गोळा केले.

"न्हाई जमायचं, शेठ."