पट्टा घासतो तिथं

वहिनी: हात वर घ्या, वन्सं. त्या दांडीला धरा. अहो, दांडीला! मशीनला मिठी नाही मारायची.

वन्सं: दांडी धरायला तू मला शिकवू नकोस. अख्खी नोकरी दांडीला टेकून उभ्यानं काढलीये मी.

वहिनी: तिथं तिकिटं देत होतात. इथं हलायचं नाहीये. जरा पुढे सरका.

वन्सं: बघा, काय दिवस आलेत! जन्मभर मी बसमध्ये ओरडत राहिले, पुढे सरका, पुढे सरका. आता भावजय मला सांगतेय.

वहिनी: आणि तुमचे प्रवासी जसे सरकायचे नाहीत, तशाच तुम्ही. अजून थोडं. खांदा सैल सोडा.

वन्सं: कसा सोडू? बर्फासारखं गार आहे हे. अंगावर हा पुढून उघडा झगा, तोही धड कमरेपर्यंत नाही. नणंदेला असं उभं करताना लाज नाही वाटत तुला?

वहिनी: दिवसभर बायका येतात इथं. मला काही नवल नाही. पावडर लावली नाहीत ना?

वन्सं: नाही बाई. सकाळी येते म्हटलं तेव्हापासून फोन करकरून डोकं खाल्लंस. पावडर नको, सेंट नको. घामट आलेय तशीच.

वहिनी: पावडरीचे ठिपके छातीच्या फोटोत उमटतात, मग उगाच घोटाळा होतो. आता वरची फळी खाली येईल आणि दाबेल. थोडं दुखेल.

वन्सं: थोडं म्हणजे किती... आई गं! अगं थांब! जीव घेतेस का माझा?

वहिनी: दाबल्याशिवाय आतलं दिसत नाही. श्वास धरा. धरा... सोडा. झालं. बाळंतपणात तरी एवढं ओरडला होतात का?

वन्सं: तू होतीस का बघायला? तू तेव्हा आमच्या घरात यायची होतीस. सुखात होतो आम्ही.

वहिनी: मग आज कशाला आलात? किती वर्षं मागे लागलेय, या, या म्हणून. फोन उचलत नव्हतात माझा. आज एकाएकी उगवलात.

वन्सं: तुझ्यासाठी नाही आले. डेपोतून सांगितलंय, सगळ्या बायकांनी तपासून घ्या म्हणून.

वहिनी: डेपोच्या बायका पुढच्या महिन्यात यायच्यात. त्यांच्या वेळा मीच लावल्यात. तुम्ही येणार नाही म्हणून कळवलं होतंत.

वन्सं: मग आले ना आज? सुट्टी होती. चौकशा पुरे, काम कर आपलं.

वहिनी: करतेय. आता डावी बाजू. झगा सोडा तिकडचा. हात... थांबा. हे काय आहे?

वन्सं: कुठं काय?

वहिनी: इथं. कातडी आत ओढल्यासारखी झालीये.

वन्सं: ते होय! पट्टा घासतो तिथं. तिकिटाच्या बॅगेचा. इतकी वर्षं डाव्या खांद्यावरून घेतेय, घट्टे पडणारच.

वहिनी: घट्टा असा नसतो. हाताला काही लागतं का?

वन्सं: लागतं थोडं. सुपारीएवढं. मी पट्टा बदलला की. उजव्या खांद्यावर घेतला.

वहिनी: मग?

वन्सं: मग काय, सवय नाही उजव्या खांद्याला. बॅग सारखी पुढे येते.

वहिनी: मी बॅगेचं विचारत नाहीये, वन्सं.

वन्सं: नाही गेलं ते. म्हटलं, जायला वेळ लागत असेल.

वहिनी: कधी बदललात पट्टा?

वन्सं: पोरीच्या लग्नाच्या गडबडीत.

वहिनी: लग्नाला वर्ष उलटून गेलं!

वन्सं: अगं, दुखत नाही ना पण! दुखलं असतं तर आले नसते का? दाढ दुखली तर ड्यूटी सोडून पळते मी. हे मुळी दुखतच नाही.

वहिनी: दुखत नाही म्हणूनच बायका बसून राहतात. कोणाला दाखवलंत? जावयाला नाही, पोरीला तरी?

वन्सं: पोरीला काय दाखवायचं? नवा संसार तिचा. तपासायला जातेय, एवढंच बोललेय तिला. आणि आता दाखवतेय ना तुला? घे, काढ तुझा फोटो. दाब किती दाबायचं ते.

वहिनी: मान तिकडे वळवा. हनुवटी वर. श्वास धरा.

(वहिनी काचेमागे जाते. पडद्यावर चित्र उमटतं. ती पडद्याकडे वाकते.)

वन्सं: सोडू का? अगं ए! श्वास सोडू का? मरेन ना मी इथं!

वहिनी: हो... सोडा. सोडा, वन्सं.

वन्सं: विसरलीस की काय मला?

वहिनी: नाही. चुकलंच माझं. आता याच बाजूचा तिरका घेऊ, मग उजवीचा. जमेल ना? बसायचंय का मध्ये?

वन्सं: बसायला काय झालंय? घे.

वहिनी: हळूच करते हं. असं. श्वास... सोडा. इकडून. सोडा. छान. आता डावीकडचा अजून एक लागेल. लहान फळी लावून.

वन्सं: डावीकडचाच का?

वहिनी: शेजारच्या खोलीत डॉक्टर बघतायत पडद्यावर. त्यांना हवाय.

वन्सं: आणि उजवीकडचा नकोय त्यांना?

वहिनी: उजवीकडचे नीट आलेत. झालं बघा, हा घेतला. सुटलात. थंडी वाजतेय का तुम्हाला? माझा स्वेटर आहे आत, आणू? पाणी देते. बसा ना या खुर्चीवर.

वन्सं: काय दिसलं?

वहिनी: मला नाही कळत त्यातलं. डॉक्टर सांगतील.

वन्सं: माझ्या डोळ्यात बघून बोल.

वहिनी: खरंच नाही सांगता येत मला. नियमच आहे तसा. आम्ही नुसते फोटो काढायचे. बऱ्याच जणींना जादाचे फोटो लागतात, आणि त्यातल्या बहुतेक जणी हसत घरी जातात.

वन्सं: बहुतेक जणींना तू स्वेटर देतेस?

वहिनी: वन्सं...

वन्सं: लग्न होऊन आलीस तेव्हापासून कधी विचारलंस मला, पाणी देऊ का? माठ समोर असायचा. "उठा आणि घ्या" म्हणायचीस. आज छान काय, हळूच काय, बसा काय! आमचा एक ड्रायव्हर होता. तोंडात शिवीशिवाय शब्द नाही. एकदा घाटात एकदम गोड आवाजात म्हणाला, "बाई, प्रवाशांना जरा घट्ट धरून बसायला सांगता का?" मी तेव्हाच समजले, ब्रेक गेलेत.

वहिनी: पाणी घ्या आधी.

वन्सं: नको मला तुझं पाणी. भांड माझ्याशी.

वहिनी: काय?

वन्सं: भांड. नेहमीसारखी. तू गोड बोललीस ना, की मला तो ड्रायव्हर आठवतो.

वहिनी: मी नाही भांडणार आज.

वन्सं: मग मी विचारते. पहिल्यांदा म्हणालीस तेव्हा आले असते, तर?

वहिनी: त्याचा काय उपयोग आता?

वन्सं: मला ऐकायचंय. आले असते तर?

वहिनी: तर हे तांदळाच्या दाण्याएवढं असतं! कदाचित तुम्हाला हाताला लागलंही नसतं, आणि मशीनला दिसलं असतं! त्याचसाठी तर असतं हे मशीन, काही होत नसताना करायचं असतं! दर वर्षी सांगत होते. फोन केले, तुमच्या भावाकडून निरोप धाडले, डेपोत येऊन थांबले एकदा, तर तुम्ही मला बघून बसची घंटी वाजवलीत! डबल बेल! गाडी निघून गेली माझ्या तोंडासमोरून! पट्टा बदलला म्हणे. अहो, पट्टा कसला बदलताय? कोणी सांगितलं तुम्हाला पट्ट्यानं गाठ होते म्हणून?

वन्सं: हां. आता कसं बरं वाटलं.

वहिनी: मला नाही वाटत बरं! मेलं, रडू येतंय मला. ड्यूटीवर रडता येत नाही इथं.

वन्सं: रड. दार लावलंय. तू का बोलावतेस ते मला माहीत होतं गं. आईमुळे. पण तू ते बोललीस कुठं? पोरीच्या होणाऱ्या सासूसमोर, जेवणाच्या टेबलावर. "तुमच्या घराण्यात आहे हे, तुम्ही तपासून घ्या आणि मुलीलाही सांगा." ती बाई चमचा हातात धरून माझ्या पोरीकडे बघत राहिली. जसं काही सडकं फळ वाढलंय तिच्या ताटात.

वहिनी: जागा चुकली माझी. बोलणं नव्हतं चुकलं.

वन्सं: मला वाटलं, हिनं आमच्या रक्ताची खोट काढली. चारचौघांत. आधी नुसतं टाळत होते, तेव्हा ठरवलंच, ही म्हणेल ते करायचं नाही. पोरीलाही तुझ्याकडे फिरकू दिलं नाही. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर आले असते बघ. तू सांगितलंस म्हणून नाही आले.

वहिनी: मी सांगणार नाही तर कोण सांगणार? सासूबाईंचं मी केलंय सगळं. त्यांनीही असंच लपवलं. अंगावर घट्ट गुंडाळून वावरायच्या. वास यायला लागला तेव्हा बोलल्या. ती जखम मी धुतलीये, वन्सं. तुम्ही रविवारी यायचात, तेव्हा मी चादर बदलून, खिडक्या उघडून ठेवलेल्या असायच्या.

वन्सं: मला कळायचं ते. खिडक्या उघड्या असल्या तरी कळायचं. म्हणून तर लवकर निघायचे मी. ड्यूटीचं निमित्त सांगायचे, ड्यूटी नसायची मला रविवारी.

वहिनी: माहीत होतं मला.

वन्सं: कधी बोलली नाहीस.

वहिनी: एवढं एकच नाही बोलले. बाकी सगळं बोलले.

वन्सं: कॅन्सर आहे ना? आईच्या वेळी घरात कोणी शब्द उच्चारायचं नाही. "तो आजार," "ते दुखणं." आपण तरी नीट नाव घेऊ या.

वहिनी: अजून नक्की नाही. खरंच सांगते. आता सोनोग्राफी करतील, मग सुईनं आतला तुकडा काढून तपासायला धाडतील. तो अहवाल आल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही.

वन्सं: आणि तुला काय वाटतं?

वहिनी: मला वाटतं, तुम्ही आज घरी जायचं नाही. सुईचं आजच करून घ्यायचं. मी डॉक्टरांच्या दारात बसते, वेळ कशी मिळत नाही बघते.

वन्सं: म्हणजे आहे.

वहिनी: मी थांबेन तुमच्यासोबत. सगळ्याला. आईंच्या वेळचं आता राहिलं नाही, औषधं बदललीत, माणसं उठून कामावर जातात...

वन्सं: परत गोड बोलायला लागलीस.

वहिनी: बरं मग. झगा नीट बांधा. उघड्या बसल्यात, शोभतं का या वयात? आणि ती बॅग यापुढे कोणत्याच खांद्यावर घ्यायची नाही. सुट्टीचा अर्ज मी लिहिते, तुम्ही नुसती सही करायची. कटकट नकोय मला.

वन्सं: हां. असं. माझा फोन दे गं. त्या पिशवीत आहे, वरच.

वहिनी: कोणाला करताय? आत्ता कोणाला घाबरवू नका.

वन्सं: घाबरवत नाही. हॅलो... हो, झाला फोटो. नाही, अजून तिथंच आहे. रडत नाहीये, थंडी आहे इथं, नाक गळतंय. ऐक. मामी तुला काय सांगते ते नीट ऐकायचं, आणि करायचं. डॉक्टर म्हणतील तेव्हा येऊन तपासून जायचं. हो, मामीच. मीच सांगतेय. सासू काय म्हणेल ते म्हणू दे. वाद घालू नकोस, पोरी. एवढ्या बाबतीत माझ्यावर जाऊ नकोस... देते तिला.

वहिनी: मी काय बोलू तिच्याशी? किती दिवसांनी...

वन्सं: घे. माझ्याशी बोललीस तसंच बोल. गोड नको.