झेनोबियाचा सातवा मालक

— नाही नाही, पुसतो की साहेब! पुसणार नाही असं कुठं म्हटलं मी? मालकानं सांगितलं आणि बाल्ताझार रंगाऱ्यानं नाव पुसलं नाही, असं या झेनोबिया स्टुडिओत शेहेचाळीस वर्षांत झालेलं नाही. चार नंबरच्या स्टेजच्या बाहेरच्या भिंतीवर ‘ड्रिस्कल’ लिहिलंय, ते आजच्या आज घालवायचं — चिठ्ठी वाचली, खाली विंट्रोब म्हणून तुमची सही बघितली, समजलं. फक्त भिंत तापलीय. या उन्हात रंग लावला की फोड येतात. जरा सावली येऊ द्या. तुम्ही बसा त्या डब्यावर — तो नको, तो ओला आहे — हां, तो.

तुम्ही सातवे. मालक म्हणून म्हणतोय. पहिले ग्रॉडनर, फरच्या टोप्या विकायचे, बायकोचं नाव झेनोबिया, तेच दिलं स्टुडिओला. त्यांना मी नाही बघितलं. मी आलो तेव्हा त्यांचे दोन जावई मालक. एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. थोरला म्हणायचा, गेटावर माझं नाव वर, धाकटा म्हणायचा माझं — महिन्यातून दोनदा गेट रंगवलंय मी! मग काय, दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, झुरळं मारायचं औषध करणारी कंपनी आली. हसता काय? त्यांना ती पाण्याची टाकी हुबेहूब त्यांच्या डब्यासारखी हवी होती, पिवळीधम्मक, वर उताणं पडलेलं झुरळ. काढलं मी. मिशांसकट. नट्या रुसून घरी बसल्या. मग विमान कंपनी — तुम्ही होतात तेव्हा, येतो त्यांच्यावर. मग बँक, अकरा महिने टिकली, सगळं राखाडी करून गेली. मग टेलिफोनवाले, त्यांनी चार वर्षांत स्वतःचंच नाव तीनदा बदललं — रंगाऱ्याला असा मालक देव देवो. आणि आता तुम्ही. सिनेमे कोण काढत होतं म्हणाल तर तीच माणसं, वर स्टुडिओ चालवणारे तेच ड्रिस्कल, तेच सुतार, तोच मी. मालकांचं काय, नव्याचे नऊ दिवस.

आणि इथली रीत तुम्हाला मी काय सांगायची? गाडी लावायच्या जागेवर, त्या सिमेंटच्या कट्ट्यावर, ज्याचं नाव तो आत. कुणाला काढायचं झालं तर वरचे तोंडानं सांगायचे नाहीत, जड जातं ना त्यांना! सकाळी मला चिठ्ठी यायची, नुसता जागेचा नंबर. माणूस जेवून परत यायचा, कट्ट्यावर ओला राखाडी पट्टा बघायचा, की गाडी तशीच वळवायचा. वर जाऊन विचारणं म्हणजे अब्रू गेली. तुम्हीसुद्धा नाही विचारलंत. तेहतीस वर्षांपूर्वी, मंगळवार होता, पांढरी गाडी, चौदा नंबर — मी त्या कोपऱ्यात ब्रश धूत होतो. तुम्ही काच खाली केलीत, पट्ट्याकडं बघितलंत, आणि काच वर केलीत. बस्स, एवढंच.

काय म्हणालात? ड्रिस्कलनीच काढलं? हो, आदल्या दिवशी तुमचं त्यांचं कडाक्याचं वाजलं होतं, तुमच्या सिनेमाचा शेवट गोड करायचा की नाही यावरून — पार सुतारांपर्यंत ऐकू आलं. पण भांडत कुणाशी नव्हते ते? माझ्याशी लाल रंगावरून भांडलेत. त्यांनी तुम्हाला तीन दिवस फोन केले साहेब. तुम्ही उचलले नाहीत. — मला कसं ठाऊक? असंच. ऐकलं होतं. लोक बोलतात.

आली का सावली? नाही अजून. अर्ध्यावर आहे.

ते विमानवाले. त्यांना नंबरांचं भारी वेड. आल्या आल्या म्हणाले, गाड्यांच्या जागा गेटाकडून मोजायच्या नाहीत, ऑफिसकडून मोजायच्या. म्हणजे पहिली ती शेवटची झाली. बरोबर? त्याच आठवड्यात. सोमवारी फर्मान निघालं आणि मंगळवारी माझ्या हातात चिठ्ठी — चौदा. आता चौदा म्हणजे कुठलं चौदा? हा गडी तेरा वर्षं गेटाकडूनच मोजत आलेला! पाय आपोआप जुन्या चौदाकडं, तुमच्या... नवं चौदा पॉमरॉयचं होतं साहेब. तो जाहिरातीवाला, दुपारी खुर्चीत घोरायचा तो. त्याला काढायचं होतं. पण वरून खाली बघायला कोण येतंय, तो पुढं नऊ वर्षं घोरला, केक कापून निवृत्त झाला. माझी चूक मला संध्याकाळी कळली, आणि पाचावर धारण बसली. वर ड्रिस्कलना वाटलं विमानवाल्यांनी काढलं, विमानवाल्यांना वाटलं ड्रिस्कलनी. एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही. आणि मी? मी मूग गिळून बसलो. घरी दोन लेकरं होती. तुम्ही पुढं एवढे मोठे झालात, मी म्हणायचो, बघ बाल्ताझार, भलंच झालं की! पण मनाला खात होतं. खोटं कशाला सांगू, अजून खातं.

बोलायचं नव्हतं मला हे. सावली होईपर्यंत वेळ काढायचा, तुम्ही कंटाळून जाल, उद्यावर ढकलेन, असा माझा बेत. पण चोर सोडून संन्याशाला फाशी माझ्या हातानं कशी द्यायची? एक्क्याण्णव वर्षांचे आहेत ड्रिस्कल. दर गुरुवारी सूप प्यायला येतात, त्या कँटीनच्या खिडकीतून ते नाव बघत बसतात. आत्ताही बसलेत. बायको गेली, डोळे गेल्यात जमा, एवढ्या लांबून त्यांना वाचता येत असेल असंही नाही. पण मी राखाडी फिरवलं तर कळेल. ते कळतंच.

शिव्या घाला ना साहेब. अशी मान खाली घालू नका, मला भीती वाटते. — चिठ्ठी? ही घ्या चिठ्ठी, तुमचीच आहे... फाडलीत? बरं. बरं झालं. मग आता माझं काय ते सांगा. नाही, तोंडानं सांगा. माझी गाडी नाही, मी बसनं येतो, कुठल्याच कट्ट्यावर माझं नाव नाही, तेव्हा ओला पट्टा बघून कळायची माझी सोय नाही. उद्या यायचं की नाही यायचं, हो किंवा नाही, एवढा एक शब्द... उठलात? साहेब! अहो साहेब, माझं राहिलं —

तिकडं कुठं? तिकडं भिंत आहे, कँटीनचं दार डावीकडून! डावीकडून! आणि कानाशी जाऊन मोठ्यानं बोला, त्यांना ऐकू कमी येतं!