चिखलदऱ्याच्या गाडीआधी

एकसष्ट सालचा उन्हाळा. परतवाड्याच्या मोटारस्टँडवर लखाजी गवळी बाकावर बसला होता. पहाडावरच्या त्याच्या म्हशींच्या वाड्यावर हवा खायला अकोल्याहून पाहुणे यायचे होते. त्यांची त्याला तोंडओळखही नव्हती. पाठीमागे एक नवरा-बायको कुजबुजत होते.

"त्या लखाजी गवळ्याले चिठ्ठीत लिवलं का, आपण बौद्ध हाओत म्हणून?"

"चिठ्ठी ऑफिसातल्या पंजाबरावानं लिवली. त्याले नाही सुचलं."

"अन् तुमाले?"

"आठ दिस हवा खायले चाललो आपण. जात सांगायले नाही."

"पाणी त प्यायचं हाये ना? त्याईच्या माठात तांब्या बुडवू का ओंजळ धरू?"

"हळू बोल. लोक ऐकून राहिले."

"ऐकू द्या. मांगून समजलं अन् त्याईनं माठ फोडला, त मी पहाडावरून पायी उतरीन."

"मंग जाऊ का परत अकोल्याले?"

"काहून? पयले विचारीन, मंग गाडीत बसीन. अवो भाऊ, तुमी तिकडचेच दिसता. लखाजी गवळी कसा माणूस हाये?"

लखाजीनं मान वळवली.

"मीच तो."

नवऱ्यानं पेटी जवळ ओढली. बायको जागची हलली नाही.

"मंग ऐकलंच तुमी."

"ऐकलं."

"बोला मंग."

"माह्या घरी माठ एकच हाये, बाई."

"मंग?"

"तांब्या जपून बुडवा. माठ फुटला त कुंभार पहाडावर येत नाही."