मायचं उघडं तोंड

...अन् थो फोटो स्टुडिओवाला ओमप्रकाश मलेच विचारते, "काकाजी, मायचा तोंड बंद असलेला एखादा फोटो नाही का?" आता सांगा! मायले जाऊन आठ दिवस झाले, तेरवीले पाच बाकी, भिंतीवर फोटो लागणार, सारं बाळापूर हात जोडाले येणार, अन् हा गडी बंद तोंड मागते! तुमाले सांगतो, भागीरथाबाईनं नव्वद वर्षांत तोंड बंद केलं नाही, तर फोटोत कोठून येणार? अल्बम पायले, मोबाइल पायले... आधार कार्डावरही उघडंच! तेथं फोटो काढणाऱ्या पोरीले म्हणत होती, "बाई, जेवत नाही का तू? इतकी वाळली काहून?"

माह्या लग्नातला फोटो घ्या. मी मुंडावळ्या बांधून उभा, आमची ज्योत्स्ना लाजून खाली पायते, अन् मागं माय... तोंड हे एवढं! व्याह्याले सांगून राहिली होती, "भाऊ, पोरगी सोन्यासारखी हाय तुमची. आमचं पोट्टं बिनकामाचं हाय. मागून म्हणू नका, सांगतलं नाही!" माह्याच लग्नात! अकोल्याच्या बाजारातला फोटो घ्या, मायच्या भाजीच्या दुकानावरचा. एक मोठा साहेब वांगं दाबून दाबून पायते, अन् माय म्हणते, "साहेब, वांगं हाय थे, लेकराचा गाल नाही!"

म्हणजे पाहा, हरेक फोटोतलं बोलणं कोनाले ना कोनाले याद हाय. नाही याद तो एकच. शेवटचा. कौंडण्यपूरच्या जत्रेतला. मागं वर्धा नदी, मायच्या तोंडावर ऊन, डोये हासून राहिले, बोट सरळ माह्याकडं, अन् तोंड उघडं. काय फोटो हाय राजेहो! पण माय म्हणून काय राहिली होती? मी बाजूलेच उभा! अन् याद नाही! डोक्स्याचा भुगा झाला.

ओमप्रकाशनं त्याच फोटोचं तोंड कॉम्प्युटरवर बंद करून देल्लं. माही बहीण बेबीताई पायते तं काय, "दादा, हे कोनाची माय उचलून आणली? तोंड उघडून आण, नाहीतं मी तेरवीले थांबत नाही!" आणलं बापा उघडून.

तेरवीले गंमत पाहा. जो येते थो हात जोडते, अन् हळूच विचारते, "खुशालराव, म्हणून काय राहिली होती माय?" माहा जवाई देवीदास फोटोपुढं उभा राह्यला, अन् तसाच बाहेर जाऊन तोंडातला तंबाखूचा खर्रा थुकून आला. म्हणे, "मलेच बोलून राहिल्या." अन् बेबीताई कोपऱ्यात डोये पुसून राहिली. जत्रेले येते म्हणाली, अन् आली नव्हती ना थे. "दादा, माहं नाव घेतलं असन का रे मायनं?" मलेच कळून नाही राह्यलं, माय म्हणून काय राहिली होती!

इतक्यात माही नात प्रणाली, अमरावतीले शिकते, थे म्हणे, "आबा, तो फोटो मी व्हिडिओतून काढला. व्हिडिओ हाय माह्यापाशी." आता हे आधी सांगू नाही का पोरी? सारे धावले. आचारी झारा घेऊन आला. बेबीताईनं मोबाइल कानालेच लावला. नदी दिसली... माय दिसली... मायनं बोट उचललं, तोंड उघडलं... अन् आवाज कोनाचा? माहा! बावीस सेकंद, सलग, गाढवासारखा! मायचे ओठ हालून राहिले, अन् सबद एक आयकू येत नाही! दहा खेपा लावला. दाही खेपा मीच!

"दादा," बेबीताई म्हणे, "बावीस सेकंद चूप बसला असता तं काय मेला असता?"

काय सांगू तुमाले... एकाहत्तर वर्षांत मायच्या आवाजावर माहा आवाज एकदाच चढला. एकदाच! अन् थेव्हा मी तरी काय सांगून राहिलो होतो?

हेच, का जत्रेतली जिलेबी कच्ची हाय.